रानातली पापुद्र्यांची अळंबी: ओळखायची कशी आणि फसायला कुठे होते

माळरान (धागाकर्ता) | २८ जून, सकाळी ७:५०

पावसाने जोर धरला की अळंबीचे फोटो यायला लागतात आणि खाली एकच प्रश्न असतो, ‘ही खायची आहे का?’ फोटो बहुतेक वेळा वरून काढलेला असतो. ओळखीसाठी टोपीची वरची बाजू सगळ्यात कमी उपयोगाची. आपल्याकडच्या पावसात टोपीचा रंग फिका पडतो, वरचे खवले धुऊन जातात, आणि पांढऱ्या टोपीची अळंबी तर शेकड्याने आहेत. म्हणून हा धागा. विषय फक्त टोपीखाली पापुद्रे, म्हणजे गिल्स असलेल्या अळंब्यांचा. छिद्रांच्या, चेंडूसारख्या किंवा पोवळ्यासारख्या प्रकारांसाठी वेगळा धागा काढू.

ओळख विचारताना आधी हे बघून लिहा.

उगवली कुठे? वारूळ, उघडी माती, हिरवळ, शेण, पेंढ्याची रास, मेलेले लाकूड, जिवंत खोड, पालापाचोळा. जमिनीतून आल्यासारखी दिसली तरी चार बोटे खणून बघा, खाली कुजलेले मूळ किंवा पुरलेले लाकूड असते. आसपासची झाडे कोणती तेही लिहा. एकटी, झुपक्याने की वर्तुळात, हेही.

मग एक अळंबी मुळापासून काढा. ओढायची नाही. देठापासून तीन-चार बोटे लांब चाकू किंवा खुरपे खुपसून मातीसकट उचलायची. ओढली की देठ बुडाशी तुटतो आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट जमिनीत राहते. बुडाला पांढरी पिशवी आहे का, नुसता कंद आहे का, की देठ खाली मुळासारखा निमुळता होत गेला आहे, हे तिघे तीन वेगळ्या घराण्यांकडे बोट दाखवतात.

त्यानंतर टोपी उभी मधोमध चिरा. पापुद्रे देठाला चिकटलेले आहेत, देठावरून खाली उतरतात, की देठापर्यंत पोचण्याआधीच थांबतात आणि मध्ये खाचेसारखी मोकळी जागा राहते? चिरल्याशिवाय हे खात्रीने कळत नाही. कापलेल्या जागेचा रंग पाच मिनिटांनी पुन्हा बघा. वास घ्या. देठावर कडे असेल तर ते घट्ट आहे की वरखाली सरकते ते बोटाने बघा.

शेवटी बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून गळणाऱ्या बारीक भुकटीचा ठसा. याबद्दल पुढच्या प्रतिसादात सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यात तो काढताना बऱ्याच गोष्टी बिघडतात.

एक स्पष्ट सांगतो. या धाग्यावरच्या कुठल्याही उत्तरावर विसंबून काहीही शिजवू नका. फोटोवरून गट सांगता येतो, कधी प्रजातीही सांगता येते. ताटात वाढायला तेवढे पुरत नाही.

---

माळरान | २८ जून, सकाळी ८:३५

ठसा असा काढायचा. पूर्ण उघडलेली, पण कोमेजायला न लागलेली टोपी घ्या. देठ पापुद्र्यांच्या पातळीवर कापा, म्हणजे टोपी सपाट बसेल. पापुद्रे खाली करून ठेवा, टोपीवर पाण्याचा एक थेंब टाका, वर वाटी पालथी घाला. चार तासांत अंदाज येतो, रात्रभर ठेवले तर चांगला जाड थर मिळतो.

कशावर ठेवायचे? अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद असे पुस्तकांत दिलेले असते, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. पण जुलैमध्ये कागद ओल धरतो, सुरकुततो आणि रंग पसरतो. काच वापरा. फोटोफ्रेमची काच चालते. ठसा मिळाला की ती काच आधी पांढऱ्या आणि मग काळ्या कागदावर धरून बघायची. मग पात्याने तो खरवडून एका जागी ढीग करा, कारण पातळ थरात फिकट गुलाबी आणि मळकट पांढरा सारखेच वाटतात. रंग दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली पांढऱ्याचा मलई होतो, आणि गुलाबी तपकिरीकडे झुकतो.

ठसा न मिळण्याची कारणे: टोपी फार कोवळी, फार जुनी किंवा फ्रिजमध्ये राहिलेली, पंख्याचा वारा, आणि अळ्या. अळ्या असल्या तर रात्रीत टोपीतून उतरून सगळा ठसा फिसकटून टाकतात. अशा वेळी टोपीचा पाव तुकडा, जिथे अळ्यांची भोके नाहीत तो, वेगळा ठेवा. शाईच्या अळंब्या, म्हणजे कोप्रिनॉप्सिस वगैरे, रात्रभर ठेवल्या तर वितळून काळे पाणी होतात. त्यांना दोन तास पुरेत.

आता रंगांचा अर्थ. पांढऱ्या ठशाचे अमानिटा, लेपिओटा, ल्युकोकोप्रिनस, धिंगरी. गुलाबी ठशाचे टर्मिटोमायसिस, व्होल्वारिएला, प्लुटियस, एन्टोलोमा. गंजकट तपकिरी ठसा गॅलेरिना, जिम्नोपिलस यांचा. गडद चॉकलेटी अगॅरिकसचा. काळा शेणावरच्या पॅनिओलसचा आणि शाईच्या अळंब्यांचा. आणि हिरवा, नेमका मळकट हिरवा, आपल्याकडे हिरवळीवर दिसणाऱ्या मोठ्या अळंब्यांत एकाच नावाकडे नेतो: क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस.

---

तळकोकण | २८ जून, दुपारी १:१२

धाग्याबद्दल आभार. वारुळावरच्या अळंबीबद्दल जरा खोलात लिहावे ही विनंती. कोकणात, गोव्यात लोक प्रामुख्याने तीच खातात आणि बाजारात पानात बांधून तीच येते. विदर्भातले टेकोडे आणि सात्या म्हणतात त्यांतही हीच असते ना?

---

वैनगंगा | २८ जून, रात्री ९:०५

हो, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे वारुळाशी येणाऱ्या बहुतेक खाण्याच्या अळंब्या टर्मिटोमायसिसच्याच. मात्र ‘टेकोडे’ हा शब्द बरेच जण कुठल्याही अळंबीला वापरतात. त्यामुळे शब्द ऐकून खात्री धरू नये.

टर्मिटोमायसिस नाव १९४२ मध्ये रोजे हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने दिले. ही बुरशी वाळवी स्वतः पिकवते. वारुळाच्या आत चावलेल्या लाकडाच्या, पाल्याच्या चोथ्याची स्पंजासारखी ‘बाग’ असते, त्यावर ही वाढते आणि वाळवीला पचवायला सोपे अन्न देते. ओडोन्टोटर्मिस ही त्यातली आपल्याकडची मोठी जमात. पाऊस भरपूर मुरला की त्या बागेतून अळंबी वर येते. म्हणून तिचा देठ जमिनीखाली संपत नाही. मुळासारखा लांब निमुळता होत थेट बागेपर्यंत जातो, कधी वीतभर, कधी हातभर. याला खोटे मूळ म्हणतात. ओळखीची पहिली खूण तीच. वर वारुळाचा उंचवटा दिसलाच पाहिजे असेही नाही. ओडोन्टोटर्मिसची घरे कित्येकदा पूर्ण जमिनीखाली असतात आणि वर सपाट रान असते.

दुसरी खूण टोपीचा मध्य. माती फोडून वर यायचे असल्याने तिथे कडक, टोकदार किंवा ठसठशीत उंचवटा असतो. टर्मिटोमायसिस क्लायपिएटसमध्ये तो अगदी काट्यासारखा असतो. टोपी पसरल्यावर कडा चिरते, पण टोक राहते.

तिसरी, पापुद्रे दाट, देठापासून सुटे, आधी पांढरे, मग अंगावर गुलाबी छटा. ठसा फिकट गुलाबी.

देठ आतून भरीव, तंतुमय, सोलला तर लांब धागे निघतात. बुडाशी पिशवी नाही.

अपवादही लक्षात ठेवा. टर्मिटोमायसिस हाइमीला देठावर जाड, टिकाऊ कडे असते. ‘कडे असले की विषारी’ हा नियम तिथे मोडतो, आणि ‘वारुळावरच्या अळंबीला कडे नसतेच’ हाही. दुसरा अपवाद टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस. ही नखाएवढी ते अडीच सेंटिमीटर रुंद, शेकड्यांनी एका जागी उगवणारी. वाळवी बागेतला जुना चोथा बाहेर आणून टाकते त्यावर ती येते, म्हणून तिला लांब खोटे मूळ नसते. अशा छोट्या अळंब्यांची ओळख नवख्याने एकट्याने करूच नये, कारण शेजारच्या पाचोळ्यात तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या दहा जाती असतात.

---

अपर्णा_के | २९ जून, सकाळी ६:२०

खोट्या मुळावर फार विसंबू नये. हायमेनोपेलिस, जुन्या पुस्तकांत औडेमॅन्सिएला रॅडिकॅटा म्हणून येते, तिलाही लांब निमुळते मूळ असते. ती जमिनीत पुरलेल्या लाकडावर वाढते. फरक असे: टोपी ओली असताना चिकट, मध्याभोवती सुरकुत्या. पापुद्रे विरळ, जाडसर, देठाला चिकटलेले आणि म्हातारपणीही पांढरेच. ठसा पांढरा. मध्यावर ते कडक टोक नाही. मूळ खणत गेलात तर शेवटी लाकूड लागते.

आणि गुलाबी ठशावरही नको. एन्टोलोमाचाही ठसा गुलाबी, त्यातल्या कित्येक जाती उलट्या-जुलाब आणतात. तिचे पापुद्रे देठाला चिकटलेले किंवा देठाजवळ खाच पडलेले असतात, सुटे नसतात. म्हणून ‘गुलाबी + सुटे + खोटे मूळ + कडक टोक + पिशवी नाही’ हे सगळे एकत्र जुळायला हवे. चार जुळून एक जुळत नसेल तर ओळख झाली नाही असे धरायचे. न जुळलेल्या खुणेचे समर्थन शोधत बसायचे नाही.

---

तळकोकण | २९ जून, सकाळी ११:४०

हे बरोबर आहे, पण गावातली माणसे ठसा वगैरे काही न काढता वर्षानुवर्षे खात आली आहेत, त्यांचे ज्ञान कमी लेखू नये असे वाटते. ठरावीक वारूळ, ठरावीक नक्षत्र, ठरावीक जागा. त्यांना चुकलेले क्वचित दिसते.

---

माळरान | २९ जून, दुपारी ४:१५

कमी लेखतच नाही. त्यांचे ज्ञान पक्के का आहे ते तुम्ही स्वतःच लिहिलेत: ठरावीक वारूळ. बुरशीची बाग जिवंत आहे तोवर त्याच जागी तीच अळंबी दर पावसाळ्यात येते. म्हणजे ते नुसते अळंबी ओळखत नाहीत, जागा ओळखतात. ही पद्धत विज्ञानाच्या दृष्टीनेही भक्कम आहे.

अडचण होते ती ज्ञान जागेवरून हलले की. गावातला माणूस शहरात आला, सोसायटीच्या हिरवळीवर पांढरी मोठी अळंबी दिसली, ‘आमच्याकडची तीच’ असे वाटले. किंवा घरातल्या मोठ्या माणसाबरोबर लहानपणी गोळा केलेली आठवते, पण जागा माहीत नाही, नुसता आकार आठवतो. आसाममध्ये २०२२ च्या एप्रिलमध्ये रानातल्या अळंब्या खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली, त्यांत चहामळ्यातली कुटुंबे बरीच होती. रानभाजी खाण्याची सवय असलेलीच ही माणसे.

घरगुती परीक्षा मात्र सोडून द्याव्यात, कुठल्याही गावच्या असोत. चांदीची वस्तू काळी पडणे, लसूण किंवा तांदूळ रंग बदलणे, हळदीच्या पाण्यात उकळणे, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली समजणे. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी, अळंबीच्या विषाचा तिच्याशी संबंध नाही. गोगलगायी आणि अळ्या विषारी अमानिटा बिनधास्त खातात, त्यांचे शरीर वेगळे. आणि अमाटॉक्सिन, म्हणजे विषारी अमानिटातले यकृत मारणारे विष, उकळून, तळून, वाळवून, मीठ लावून जात नाही.

---

ओलीचिंब | ३० जून, रात्री १०:३०

पुण्यात सोसायटीच्या लॉनवर आज सकाळी अर्धवर्तुळात सात-आठ मोठ्या अळंब्या आल्या आहेत. टोपी साधारण १५ सें.मी., पांढरी, मध्यावर तपकिरी खवले. पापुद्रे पांढरे. देठावर कडे आहे. बुडाशी पिशवी नाही, थोडा फुगीर आहे. वॉचमनच्या घरच्यांनी दोन काढून नेल्या आहेत भाजीसाठी. पटकन सांगता का?

---

अपर्णा_के | ३० जून, रात्री १०:३८

ताई, आत्ता जाऊन त्यांना थांबवा. शिजवल्या असतील तरी खाऊ नका म्हणावे. वर्णन क्लोरोफिलम मॉलिब्डायटिसचे आहे. खात्री ठशाने होईल, पण थांबवायला ठशाची वाट बघायची नाही.

खाऊन झाल्या असतील तर लक्षणे एक ते तीन तासांत सुरू होतात: जोरदार उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. मोठ्या निरोगी माणसाला बहुधा एक-दोन दिवसांत उतार पडतो, पण लहान मुलांना आणि वृद्धांना शरीरातले पाणी कमी होऊन जीव धोक्यात येतो. लक्षणे येण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्या.

---

ओलीचिंब | ३० जून, रात्री ११:०२

शिजवायच्या होत्या अजून. कापलेल्या होत्या, परत घेतल्या. एक टोपी काचेवर ठेवली आहे. पण पापुद्रे पांढरेशुभ्र आहेत, हिरवे अजिबात नाहीत, म्हणून शंका येते.

---

माळरान | १ जुलै, सकाळी ६:४५

तिथेच सगळे फसतात. क्लोरोफिलमचे पापुद्रे टोपी उघडल्यावरही बराच वेळ पांढरे राहतात. बीजाणू पिकले की मळकट हिरवे, मग राखाडी-हिरवे होतात. लोक कोवळी म्हणून चांगली समजून नेतात त्या नेमक्या पांढऱ्या पापुद्र्यांच्या असतात. त्याच वर्तुळातली सगळ्यात जुनी, कडा फाटलेली अळंबी शोधा आणि तिचे पापुद्रे बघा. एका जातीच्या सगळ्या वयाच्या अळंब्या शेजारी ठेवून बघणे हा ओळखीचा फार उपयोगी मार्ग आहे.

इतर खुणा तपासून लिहा: कडे देठावर वरखाली सरकते का? क्लोरोफिलमचे सरकते आणि त्याला दुहेरी कड असते. देठ बुडाशी चिरल्यावर लालसर-तपकिरी होतो का? टोपीचे खवले मध्यावर एकसलग तपकिरी चकतीसारखे आणि बाहेर विखुरलेले आहेत का?

टर्मिटोमायसिस हाइमीशी हिची गल्लत होते ती कड्यामुळे आणि पांढऱ्या रंगामुळे. तिचे कडे सरकत नाही, बूड फुगीर नाही तर मुळासारखे, टोपीवर सोलले जाणारे खवले नाहीत.

---

पेंढा | १ जुलै, दुपारी १२:१०

अमानिटाबद्दल कुणी लिहिले नाही अजून. पेंढ्यावरच्या अळंबीशी, व्होल्वारिएला व्होल्वेसियाशी, तिची गल्लत होते म्हणून इथे टाकतो.

व्होल्वारिएला भाताच्या पेंढ्याच्या कुजक्या राशीवर, केळीच्या कचऱ्यावर येते. बुडाला मोठी, गडद राखाडी-तपकिरी पिशवी. देठावर कडे नाही. पापुद्रे सुटे, आधी पांढरे, पिकल्यावर गुलाबी. ठसा गुलाबी.

अमानिटालाही बुडाला पिशवी, पापुद्रेही सुटे. पण ठसा पांढरा, पापुद्रे शेवटपर्यंत पांढरे, बहुतेक जातींना देठावर कडे. टोपीवर पिशवीचे तुकडे मस्शांसारखे चिकटलेले असू शकतात, मात्र एक जोरदार सर आली की ते धुऊन जातात. त्यामुळे मस्से नाहीत म्हणून अमानिटा नाही असे म्हणू नये. कडेही गळून पडते. पिशवी जमिनीत राहते. म्हणजे पावसात उपटलेल्या अमानिटाच्या तिन्ही खुणा एकाच वेळी नाहीशा असू शकतात, आणि हातात उरते एक साधी पांढरी अळंबी.

अंड्याच्या अवस्थेत, म्हणजे पिशवी फाटण्याआधी, दोघींमध्ये बाहेरून खात्रीने फरक करता येत नाही. त्या वयात पापुद्रे दोघींचे पांढरे, ठसा कुणाचाच मिळत नाही. रानातली किंवा शेतातली अंडी नको. उभे चिरल्यावर आत टोपी-देठाचा आराखडा दिसला तर ते चेंडूसारखे पफबॉल नाही, एवढेच कळते.

---

अपर्णा_के | १ जुलै, दुपारी ३:३०

पेंढा, छान लिहिलेत. अधिवासाचे जोडते. अमानिटाच्या बहुतेक जाती ठरावीक झाडांच्या मुळांशी नाते जोडून जगतात: ओक, पाइन, निलगिरी, आणि केरळ-कर्नाटकातल्या घाटात डिप्टेरोकार्प कुळातली झाडे. निलगिरी पर्वतात आणि कोडाईकनालला लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अमानिटा मस्कारिया लावलेल्या पाइनखाली येते, ती पाइनबरोबरच आलेली. म्हणून अळंबीशेजारचे झाड लिहा असे धागाकर्ता सांगतात ते नुसते सोपस्कार नव्हेत. पण अमानिटाच्या काही जाती झाडाशिवाय नुसत्या गवतातही वाढतात, तेव्हा ‘जवळ झाड नाही म्हणजे अमानिटा नाही’ असे उलटे वाक्य करू नका.

अमाटॉक्सिन फक्त अमानिटात नसते. लहान आकाराच्या लेपिओटात असते, लाकडावरच्या गॅलेरिनातही. म्हणून माझा कडक नियम: सुटे पांढरे पापुद्रे, देठावर कडे आणि टोपी दहा सेंटिमीटरपेक्षा लहान, खवल्यांची असेल तर ती खाण्याच्या विचारातूनच बाहेर.

---

दूरदेशी | १ जुलै, संध्याकाळी ७:५५

मेलबर्नहून लिहितो आहे. इथल्या आणि कॅनबेरातल्या मराठी मंडळींसाठी पेंढा यांचा प्रतिसाद दोनदा वाचण्यासारखा आहे. युरोपातून आणलेल्या ओकच्या मुळांबरोबर अमानिटा फॅलॉइडिस, म्हणजे डेथ कॅप, इथे आली आणि शहरातल्या रस्त्यांकडेच्या, बागांतल्या ओकखाली शरद ऋतूच्या पावसानंतर उगवते. कॅलिफोर्नियातही तीच कथा, तिथे ती स्थानिक ओकखालीही पसरली आहे. टोपी हिरवट-पिवळसर, कधी जवळजवळ पांढरी, गुळगुळीत. कडे, पिशवी, पांढरे पापुद्रे.

पेंढ्यावरची अळंबी खायची सवय असलेल्या आशियाई देशांतून आलेल्या लोकांना दोन्हीकडे विषबाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कॅनबेरात २०१२ च्या सुरुवातीला दोघांचा मृत्यू झाला. ज्यांना घरी अळंबी चांगली ओळखू येते त्यांनाच इथे धोका जास्त, कारण नजर ओळखीच्या आकारावर जाते आणि खालची पिशवी बघायची राहते. ओकखालची कुठलीही पांढरी किंवा हिरवट पापुद्र्यांची अळंबी इथे नको.

---

वैनगंगा | २ जुलै, सकाळी ९:२०

विषबाधेची वेळ सगळ्यांनी पाठ करावी अशी आहे.

खाल्ल्यावर अर्ध्या ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुधा पोटाला त्रास देणारी जात, जसे क्लोरोफिलम. त्रास फार, पण यकृताला सहसा धोका नाही. सहा तासांनंतर, बरेचदा आठ-बारा तासांनी सुरू झाले तर अमाटॉक्सिन समजून चालायचे. त्यात एक दिवस जुलाब-उलट्या होतात, मग माणसाला बरे वाटते आणि घरचे निर्धास्त होतात. त्याच काळात यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, शुद्ध हरपणे. मोठ्या माणसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम विष प्राणघातक ठरू शकते, आणि डेथ कॅपच्या एका टोपीत तेवढे सहज असते.

एक गुंता: एकाच भाजीत दोन जाती मिसळलेल्या असतील तर लवकरची लक्षणे दिसतात आणि उशिराचे विष झाकले जाते. म्हणून ‘दोन तासांत उलटी झाली, म्हणजे साधेच आहे’ असे घरी बसून ठरवू नये.

करायचे काय: १०८ बोलवा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. उरलेली भाजी, न शिजवलेल्या अळंब्या, सोललेले तुकडे, कचऱ्यातले देठ कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लॅस्टिकमध्ये काही तासांत चिखल होतो. कोणी खाल्ले, किती वाजता, पहिले लक्षण किती वाजता, हे कागदावर लिहा. त्याच ताटातून जेवलेल्या सगळ्यांना न्या, लक्षणे नसली तरी. डॉक्टरांना यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या पुन्हापुन्हा कराव्या लागतात, पहिली चाचणी चांगली आली म्हणून घरी परतू नका. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास चालते, तिथून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सल्ला मिळतो. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका.

---

शेवंती | २ जुलै, दुपारी २:४४

कुंडीत तुळशीशेजारी अगदी पिवळ्याधमक बारीक अळंब्या आल्या आहेत. झाडाला त्रास होईल का?

---

अपर्णा_के | २ जुलै, दुपारी ३:०१

ल्युकोकोप्रिनस बर्नबाउमी. टोपीवर पिवळी भुकटी, कडेला रेघा, ठसा पांढरा. कोकोपीट, शेणखताच्या मिश्रणातून येते आणि त्यातला कुजका भागच खाते, तुळशीच्या मुळांना काही करत नाही. खायची नाही. घरात रांगते मूल किंवा कुत्रे असेल तर उगवल्या उगवल्या काढून टाका. मातीत बुरशी राहतेच, तेव्हा पुन्हा येईल.

---

पेंढा | २ जुलै, संध्याकाळी ६:१८

लाकडावरच्यांचे थोडक्यात. धिंगरीची, प्ल्युरोटसची, रानटी भावंडे मेलेल्या किंवा आजारी खोडावर: देठ बाजूला किंवा जवळजवळ नाहीच, पापुद्रे देठावरून खाली उतरलेले, ठसा पांढरा ते फिकट जांभळट. तशीच दिसणारी क्रेपिडोटस आकाराने लहान, मऊ, तिचा ठसा तपकिरी. शायझोफिलम कम्यून ही आंब्याच्या वाळक्या फांदीपासून कुंपणाच्या खांबापर्यंत सगळीकडे: बोटाएवढी, करडी-पांढरी, केसाळ, चामट, आणि भिंगातून पाहिले तर प्रत्येक पापुद्रा लांबीत दुभंगलेला. ही खूण दुसऱ्या कुणात मिळत नाही. कुजक्या बुंध्यावर शेकडो राखाडी घंटांचा पसारा दिसला तर ती कोप्रिनेलस डिसेमिनॅटस, खाण्याच्या लायक नाही, बघायला सुंदर.

शेणावरच्या पापुद्र्यांच्या अळंब्या: बऱ्याचशा काळ्या किंवा जांभळट-काळ्या ठशाच्या, त्यांतल्या काही मेंदूवर परिणाम करणाऱ्या. दाबल्यावर निळ्या पडणाऱ्या तर हमखास. त्यांना हात लावून अभ्यास करा, तोंडात नको.

---

ओलीचिंब | २ जुलै, रात्री ८:५०

काचेवरचा ठसा निघाला. पांढऱ्या कागदावर धरला तर स्पष्ट मळकट हिरवा. जुनी अळंबी शोधली, तिचे पापुद्रे राखाडी-हिरवे झाले आहेत. कडे सरकते. देठ बुडाशी चिरल्यावर तपकिरी झाला.

दोन प्रश्न आहेत. लॉनवरून कायमची कशी काढायची? आणि वाळवून नमुना ठेवता येतो का, सोसायटीतल्या लोकांना दाखवायला?

---

माळरान | २ जुलै, रात्री ९:३५

क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस, शंका नाही.

लॉनखालच्या बुरशीला बुरशीनाशक मारून फारसे काही होत नाही, ती गवताखालच्या कुजक्या थरात खोलवर असते. जुने गवत, खत, पुरलेली मुळे हे तिचे अन्न. रोज सकाळी अळंब्या उघडण्याआधी हातमोजे घालून बुडासकट काढणे आणि बंद पिशवीत कचऱ्यात टाकणे हाच व्यवहार्य उपाय. त्या कंपोस्टमध्ये नकोत. लॉनवर कुत्रे फिरवणाऱ्यांना सांगून ठेवा, कुत्र्यांनाही ती बाधते. पाऊस ओसरला की येणे थांबते, पुढच्या वर्षी वर्तुळ थोडे बाहेर सरकलेले दिसेल.

नमुना: टोपी देठासकट उभी दोन भागांत चिरा. ४० ते ४५ अंशांच्या कोरड्या उष्णतेत, फळे वाळवायच्या यंत्रात किंवा बल्बाखाली जाळीवर, कडकडीत मोडेपर्यंत वाळवा. ६० च्या वर नेऊ नका, ती शिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. उन्हात वाळवली तर पावसाळ्यात निम्म्या वाटेवर बुरशी धरते. वाळली की लगेच हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह. पिशवीत चिठ्ठी: तारीख, जागा, हिरवळ की लाकूड की माती, शेजारचे झाड, ताज्या टोपीचा रंग आणि माप, वास, कापल्यावरचा रंग, ठशाचा रंग. वाळल्यावर यातले काहीच बघता येत नाही, आणि चिठ्ठीशिवायचा नमुना पुढे कुणालाही ओळखता येत नाही. हिरवा ठसा काचेसकट ठेवा, वरून दुसरी काच दाबून कडांना सेलोटेप लावा. लोकांना पटवायला तो ठसा सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

---

तळकोकण | ३ जुलै, सकाळी ७:१०

वारुळावरची गोळा करणाऱ्यांसाठी एक भर. ओळखीसाठी एक अळंबी खोटे मूळ दिसेपर्यंत खणली की पुरे. बाकीच्या जमिनीलगत कापाव्यात. खोलवर खणून बाग फोडली तर वाळवी तो भाग सोडते आणि पुढच्या पावसात तिथे काही येत नाही. कळ्या, न उघडलेल्या टोकदार, सोडून द्याव्यात, आणि पूर्ण उघडलेल्या काही बीजाणू पडायला ठेवाव्यात. या अळंबीची शेती होत नाही, जिवंत वारुळाशिवाय ती उगवतच नाही. अभयारण्याच्या हद्दीत काढायला कायद्याने मनाई आहे, हेही विकत घेताना विचारात असू द्यावे.

---

अपर्णा_के | ३ जुलै, सकाळी ८:२५

आणि विकत घेतानाही जुडी सोडवून एकेक बघून घ्या. पानात बांधलेल्या जुडीत देठ जमिनीलगत कापलेले असतात, खोटे मूळ दिसत नाही. मग उरतात कडक टोक, दाट सुटे पापुद्रे, गुलाबी छटा आणि तंतुमय देठ. त्यात एखादी वेगळी दिसली, टोपीवर खवले, सरकते कडे किंवा फुगीर बूड असलेली, तर ती एक काढून टाकून भागत नाही. ती जुडीच घेऊ नका.

---

शेवंती | ३ जुलै, सकाळी ८:४१

फोटोवरून नाव सांगणारी मोबाइल ॲप कितपत धरायची?

---

माळरान | ३ जुलै, सकाळी ९:०३

कुठल्या गटात शोधायचे याची पहिली दिशा म्हणून चांगली. ॲपला बुडाची पिशवी, कड्याचे सरकणे, ठसा, वास यांतले काही दिसत नाही, शिवाय त्यांना शिकवलेले फोटो युरोप-अमेरिकेतले जास्त, त्यामुळे आपल्या रानातल्या जातीला ते तिकडचे नाव चिकटवतात. निरीक्षण नोंदवायचे असेल तर चार फोटो टाका: जागेसकट पूर्ण अळंबी, पापुद्रे खालून, खणून काढलेले बूड, आणि उभी चिरलेली. ठसा मिळाला तर पाचवा. एवढे असले की जाणकार माणसे ॲपने दिलेले नाव दुरुस्त करू शकतात.